केबल कुठे तुटली, हे दूरच्या खोलीत कसं कळतं?

जमिनीखालची ऑप्टिकल फायबर केबल खोदकामात तुटते, तेव्हा यंत्र चालवणाऱ्याला बहुतेक वेळा त्याची गंधवार्ताही नसते. अंगठ्याएवढ्या जाडीची काळी केबल मातीबरोबर उपसली जाते आणि काम पुढे चालू राहतं. तिकडे शेकडो किलोमीटरवरच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर लाल ओळी उमटायला लागतात. एका केबलपायी हजारो सूचना येऊ शकतात. तरीही थोड्या वेळात तिथला माणूस दुरुस्ती पथकाला सांगतो, "अमक्या जोडापासून सातशे मीटर पुढे बघा." पथक जातं आणि केबल तिथेच तुटलेली सापडते. निदान नोंदी नीट ठेवणाऱ्या नेटवर्कमध्ये तरी.

याबद्दलचा सर्वसाधारण समज असा, की एखादं भारी उपकरण असतं, त्याचं बटण दाबलं की ठिकाण दिसतं. तसं उपकरण आहेच, त्याच्याकडे पुढे येऊ. पण ते केबलमधल्या कोणत्या काचेच्या तंतूला लावायचं, कोणत्या ठाण्यातून लावायचं, आणि मुळात केबल तुटली आहे की एखाद्या यंत्रातलं कार्ड जळलं आहे, हे आधी ठरवावं लागतं. केंद्रीय देखरेखीचं निम्म्याहून अधिक डोकं इथेच खर्च होतं. हे काम मोजण्याचं कमी आणि खोट्या तक्रारींना गप्प करण्याचं जास्त आहे.

आधी तुकडा ओळखायचा

लांब पल्ल्याची वाहिनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जात नाही. काचेच्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल क्षीण होतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ८० किलोमीटरनंतर मूळ शक्तीचा जेमतेम चाळिसावा भाग उरतो. म्हणून मध्ये मध्ये ॲम्प्लिफायरची ठाणी लागतात. तांब्याच्या तारांच्या काळात ही अंतरं फारच लहान होती. अमेरिकेत १९६२ साली सुरू झालेल्या टी-१ या डिजिटल पद्धतीत सुमारे दर १.८ किलोमीटरवर एक रिपीटर, म्हणजे क्षीण झालेला सिग्नल ताजा करून पुढे धाडणारं यंत्र असे, आणि ते अनेकदा रस्त्याखालच्या मॅनहोलमध्ये.

त्यामुळे बिघाड झाला की पहिला प्रश्न "किती किलोमीटरवर?" हा नसतोच. कोणत्या दोन ठाण्यांच्या मध्ये, हा असतो. त्याचं उत्तर मिळवण्याची रीतही एकच आहे: "माझ्यापर्यंत सगळं ठीक आलं" असं म्हणणारं शेवटचं ठाणं आणि "माझ्याकडे बिघडलेलं आलं" म्हणणारं पहिलं ठाणं शोधायचं. बिघाड त्या दोघांच्या मध्ये. तंत्रज्ञानाच्या तीन पिढ्या बदलल्या, पण प्रत्येक पिढीने ही हद्द शोधण्याचीच आपली युक्ती काढली.

जुन्या ॲनालॉग पद्धतीत अनेक संभाषणं वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर चढवून एकाच केबलमधून पाठवत. त्यांच्याबरोबर एक स्थिर सूरही सोडलेला असे, त्याला पायलट म्हणत. बारा संभाषणांच्या गटासाठी तो ८४.०८ किलोहर्ट्झचा असे. पायलटमधून काहीच बोललं जात नाही. तो ठरलेल्या पातळीवर येतो आहे का, एवढंच वाटेत तपासायचं. पातळी घसरली तर वर्धन वाढवायचं, सूर नाहीसा झाला तर अलार्म वाजवायचा. ग्राहकाची तक्रार येण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण रात्री तीन वाजता कोणी बोलत नसलं तरी पायलट चालूच असतो.

समुद्रात हा प्रश्न जास्त बिकट होता. १९५६ साली स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये टॅट-१ ही अटलांटिक ओलांडणारी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन केबली होत्या आणि प्रत्येकीत ५१ रिपीटर. तेही व्हॅक्यूम ट्यूबवाले, समुद्राच्या तळाशी. एखादा दुबळा झाला तर तो कितवा, हे किनाऱ्यावरूनच कळायला हवं. म्हणून प्रत्येक रिपीटरमध्ये वेगळ्या फ्रीक्वेन्सीचा एक क्रिस्टल बसवला. वर्गात हजेरी घेताना एकेकाचं नाव पुकारावं, तशी किनाऱ्यावरून एकेक फ्रीक्वेन्सी तपासायची आणि त्या त्या रिपीटरची प्रकृती बघायची.

टी-१ च्या मॅनहोलमधल्या रिपीटरांनाही अशीच सोय होती, आणि ती मला जास्त चलाख वाटते. चाचणीसाठी स्पंदनांचा असा क्रम पाठवत, की त्यात एक ठरावीक आवाजी फ्रीक्वेन्सी दडलेली असे. ज्या रिपीटरमधला फिल्टर त्या फ्रीक्वेन्सीचा, तोच ती गाळून एका वेगळ्या तारजोडीवरून परत पाठवी. सूर परत आला म्हणजे तिथपर्यंतचा मार्ग शाबूत. शिवाय स्पंदनांचा क्रम हळूहळू अवघड करत नेता येई. धडधाकट रिपीटर तो पेलत, आणि मरणपंथाला लागलेल्याचा सूर आधीच खालावे. म्हणजे मेलेला तर कळेच, पण आजारीही कळे, आणि तेही रस्त्यावर एकही झाकण न उघडता.

चुकांची मोजदाद

१९८८ साली फायबरवरून डिजिटल वाहिन्या एकत्र पाठवण्याच्या एसडीएच या पद्धतीची आंतरराष्ट्रीय मानकं आली आणि ही देखरेख थेट सिग्नलच्या पोटातच शिरली. एसडीएचमध्ये माहिती १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटींत जाते, म्हणजे सेकंदाला ८,००० चौकटी. प्रत्येक चौकटीत ग्राहकाच्या माहितीखेरीज काही बाइट नेटवर्कने स्वतःसाठी राखलेले असतात. त्यांतले बी-१ आणि बी-३ हे दोन बाइट समजले की बाकीचं आपोआप उलगडतं.

दोन्हींचं काम ताळा पाहण्याचं. पाठवणारा आधीच्या चौकटीतल्या बिटांचा एक छोटा ताळा काढून पुढच्या चौकटीत लिहितो. घेणारा स्वतः ताळा काढतो आणि जुळतो का ते बघतो. जुळला नाही तर वाटेत बिट बदलले. फरक इतकाच, की बी-१ चा ताळा प्रत्येक ठाण्यावर तपासून नव्याने लिहिला जातो, आणि बी-३ चा वाटेत कोणी बदलत नाही. तो थेट मार्गाच्या शेवटी तपासला जातो.

आता समजा क, ख, ग, घ, च अशी पाच ठाणी ओळीने आहेत आणि सिग्नल क कडून च कडे चालला आहे. च मधला बी-३ सांगतो की चुका होत आहेत. कुठे, ते त्याला माहीत नाही. मग सगळ्या ठाण्यांचे बी-१ बघायचे. ख मध्ये शून्य, ग मध्ये शून्य, घ मध्ये सेकंदाला शेकडो, च मध्ये पुन्हा शून्य. दोष ग आणि घ यांच्या मध्ये. च मधला बी-१ शून्य कसा? कारण घ ने बिघडलेली माहितीच प्रामाणिकपणे नवा ताळा काढून पुढे पाठवली, आणि घ ते च या टप्प्यात नवी चूक काही झाली नाही. वाहिनी चालू असतानाच, एकाही ग्राहकाची सेवा न थांबवता हे सगळं कळतं.

तंतू पूर्णच तुटला तर चुका मोजण्याचा प्रश्न उरत नाही. घ ला प्रकाशच येत नाही. त्याने काय करावं? काहीच पुढे पाठवलं नाही तर च लाही वाटेल की आपल्या आधीचीच तार तुटली, आणि तोही बोंब मारेल. त्याच्या पुढचे सगळेच मारतील. म्हणून घ पुढे एक खास सिग्नल पाठवतो, एआयएस. माहितीच्या जागी सगळे बिट नुसते '१'. त्याचा अर्थ: बिघाड माझ्याही मागे आहे, मला कळवलेलं आहे, तुम्ही शांत राहा. उलट्या दिशेलाही तो एक छोटी खूण पाठवतो, आरडीआय, म्हणजे पाठवणाऱ्याला समजतं की आपलं बोलणं पोहोचत नाही. दूरसंचाराच्या साऱ्या मानकांत एआयएस ही मला सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

हजार तक्रारींतून एक

एआयएस असूनही पूर येतोच. हिशोब करून बघा. एका केबलमधल्या फक्त पाच तंतुजोड्यांवर डीडब्ल्यूडीएम, म्हणजे एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचा प्रकाश पाठवणारी यंत्रणा आहे असं समजू. प्रत्येक जोडीवर ८० तरंगलांबी, म्हणजे ४०० मोठ्या वाहिन्या. प्रत्येकीची दोन टोकं तक्रार करणार, म्हणजे ८०० सूचना. प्रत्येक मोठ्या वाहिनीच्या पोटात लहान वाहिन्या, त्यांच्या पोटात आणखी लहान, आणि सगळ्यांवर राउटर बसलेले. ते आपल्या भाषेत वेगळी ओरड करतात. एक केबल आणि काही हजार ओळी.

यातून वाट काढायला पहिली चाळणी काळाची. क्षणभर आलेली आणि गेलेली प्रत्येक चूक वर पाठवत नाहीत. दोष साधारण अडीच सेकंद टिकला तर तो बिघाड म्हणून जाहीर होतो, आणि दहा सेकंद दिसला नाही तर मिटला असं धरतात. पर्यायी मार्गावर वळण्याची संरक्षण व्यवस्था मात्र ५० मिलिसेकंदांत काम उरकते. म्हणजे माणसाला बिघाड कळण्याआधीच वाहतूक दुसऱ्या वाटेला लागलेली असते. नियंत्रण कक्षात बसलेला माणूस बऱ्याचदा वाहतूक वाचवत नसतो. पुढच्या बिघाडाआधी पहिला मार्ग पुन्हा उभा करण्याची त्याची धडपड असते, कारण आता पर्याय संपलेला आहे.

दुसरी चाळणी नकाशाची. कोणती लहान वाहिनी कोणत्या मोठीत, ती कोणत्या तरंगलांबीवर, ती कोणत्या तंतूत आणि तो तंतू कोणत्या केबलमध्ये, ही उतरंड संगणकाकडे असेल तर तो वरच्या तक्रारी खालच्या कारणाखाली झाकू शकतो. चारशे वाहिन्या गेल्या, सगळ्यांत समान काय? ग ते घ ही केबल. मग पडद्यावर एकच लाल ओळ ठेवायची. हे सगळं त्या उतरंडीच्या खरेपणावर उभं आहे. नोंदीत तंतू क्रमांक ७ आणि प्रत्यक्षात १७ असेल, तर सर्वात महागडी प्रणालीही आत्मविश्वासाने चुकीचं ठिकाण दाखवते.

ठाण्यातल्या घड्याळांचाही एक त्रास असतो. आधी काय झालं आणि नंतर काय, यावरून कारण शोधायचं तर सगळी घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. एक ठाणं दोन सेकंद पुढे असलं तर परिणाम कारणाच्या आधी घडल्यासारखा दिसतो.

आजच्या लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये या कामासाठी देखरेखीचा वेगळा प्रकाशच असतो, सहसा १५१० नॅनोमीटरचा. ॲम्प्लिफायर ज्या पट्ट्यात काम करतो त्याच्या बाहेरचा. त्यामुळे ॲम्प्लिफायर मेला तरी हा चालू राहतो, आणि प्रत्येक ठाण्यावर तो उतरवून, वाचून, पुन्हा नव्याने पाठवला जातो. यावरून निदान झटपट होतं. ग आणि घ यांच्यामधला देखरेख-प्रकाश दोन्ही दिशांनी गेला, पण दोन्ही ठाणी बाकीच्या वाटांनी बोलत आहेत: केबल तुटली. देखरेख-प्रकाश ठीक, पण वाहतुकीची पातळी खाली: ॲम्प्लिफायर बघा. घ च्या दोन्ही बाजूंचा प्रकाश गेला आणि घ स्वतःही उत्तर देत नाही: बहुधा तिथली वीज गेली आणि बॅटरी संपली. पहिल्या प्रसंगी जोडणीचं पथक पाठवायचं, तिसऱ्या प्रसंगी जनित्रासाठी डिझेल.

अडचण अशी, की देखरेख ज्या तंतूतून जाते तोच तुटला तर त्यापलीकडची ठाणी मुकी होतात. म्हणून त्यांच्यापर्यंत पोहोचायला उलट्या बाजूने किंवा संपूर्ण निराळ्या नेटवर्कवरून वाट असावी लागते. यात काटकसर केली की काय होतं, ते ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात दिसलं. रॉजर्स कंपनीच्या देखभालीच्या कामात राउटरच्या मांडणीतला एक फिल्टर काढला गेला, मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आला आणि ते कोलमडले. १.२ कोटींहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली. व्यवस्थापनाचं नेटवर्कही त्याच मुख्य नेटवर्कवर अवलंबून होतं, त्यामुळे कर्मचाऱ्यांना दुरून राउटरपर्यंत पोहोचता येईना. त्यांचे फोनही त्याच कंपनीच्या सेवेवर. बिघाड शोधणाऱ्यांना आधी एकमेकांनाच शोधावं लागलं.

मग अंतर मोजायचं

तुकडा ठरला, केबलच तुटली हेही ठरलं. आता ते उपकरण: ओटीडीआर. त्याचं तत्त्व प्रतिध्वनीचं. तंतूत प्रकाशाचा एक छोटा स्पंद सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यातल्या अतिसूक्ष्म असमानतेमुळे प्रकाश सगळीकडे किंचित विखुरतो, आणि त्यातला अगदी थोडा उलटा परत येतो. तो किती वेळाने आणि किती आला याचा आलेख काढला की तंतूचं अख्खं चरित्र समोर येतं. सलग उतरती रेष म्हणजे निरोगी तंतू. छोटी पायरी म्हणजे जोड किंवा वाकलेली जागा. उंच सुळका आणि मग थेट कडा म्हणजे तुटलेलं टोक. तुटलेलं टोक सपाट असेल आणि पलीकडे हवा असेल तर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो, त्याचा तो सुळका. टोक वेडंवाकडं चिरडलेलं असेल तर सुळका येतच नाही, रेष नुसती खाली कोसळते.

काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर. जाऊन-येऊन दर किलोमीटरला १० मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी ३७४ मायक्रोसेकंदांनी आला तर तुटलेली जागा ३७.४ किलोमीटरवर. तंतोतंत उत्तरासाठी काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात प्रकाश किती पटीने मंदावतो तो आकडा, उपकरणाला सांगावा लागतो. तो १.४६८ असताना कोणी १.४७५ भरला तर ४० किलोमीटरवर जवळजवळ १९० मीटरची चूक होते. तेवढ्यात पथक चौकाच्या भलत्याच बाजूला खणत बसतं.

स्पंदाच्या लांबीचीही ओढाताण आहे. १० नॅनोसेकंदांच्या स्पंदाने एकेका मीटरचा तपशील दिसतो, पण त्याची ताकद थोडी, तो दूर पोहोचत नाही. १० मायक्रोसेकंदांचा स्पंद लांब जातो, पण त्याला एका किलोमीटरच्या आतल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून जाणकार आधी लांब स्पंदाने अंदाज घेतात, मग जमेल तितका आखूड करत नेतात.

पूर्वी हे उपकरण घेऊन माणूस ठाण्यावर जायचा. आता ते ठाण्यातच बसवलेलं असतं, ऑप्टिकल स्विचमुळे एकेक करून अनेक तंतू आळीपाळीने तपासतं, आणि आलेख निरोगी दिवसाच्या आलेखाशी ताडून बघतं. चालू तंतू तपासायचा तर १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, म्हणजे वाहतुकीत ढवळाढवळ होत नाही. या लांब तरंगलांबीचा आणखी एक फायदा: तंतू कुठे वाकला असेल तर तिचं नुकसान जास्त होतं, त्यामुळे वाहतुकीला झळ लागण्याआधीच ती कुरकुरते.

समुद्रात साधा ओटीडीआर पहिल्याच रिपीटरपाशी अडतो, कारण तिथे उलट येणारा प्रकाश रोखलेला असतो. म्हणून रिपीटरमध्ये परतीच्या तंतूकडे जाणारी खास पळवाट ठेवतात. शिवाय तिथे वीजही मदतीला येते. रिपीटरांना किनाऱ्यावरून केबलमधल्या तांब्यातून सुमारे एक अँपिअरचा स्थिर प्रवाह पुरवतात. केबलचं आवरण फाटून तांबं समुद्राच्या पाण्याला लागलं की वीज तिथेच जमिनीत उतरते. मग प्रवाह कायम ठेवायला किती व्होल्ट लागतात ते बघायचं, दर किलोमीटरचा साधारण एक ओहम आणि वाटेतल्या रिपीटरांचा वाटा धरून हिशोब मांडायचा, की अंतर निघतं.

समुद्री केबलच्या बिघाडनोंदींनी एकदा भूगर्भशास्त्राचंही काम करून दिलं. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सजवळ भूकंप झाला आणि बारा तारायंत्र केबली तुटल्या. भूकंपाच्या केंद्राजवळच्या लगेच गेल्या, पण दूरच्या, खोल पाण्यातल्या एकामागून एक, शेवटची सुमारे तेरा तासांनी. प्रत्येक केबल कधी मुकी झाली आणि कुठे तुटली हे नोंदलेलं होतं. १९५२ साली हीझन आणि ईविंग या भूशास्त्रज्ञांनी त्या वेळा आणि जागा जुळवून दाखवलं, की समुद्रतळाच्या उतारावरून गाळाचा प्रचंड लोंढा वाहत गेला आणि वाटेत येईल ती केबल तोडत गेला.

मीटर आणि माती

जमिनीवर परत येऊ, कारण खरी फजिती इथेच होते. ओटीडीआर सांगतो ते काचेवरचं अंतर. पथकाला हवं असतं रस्त्यावरचं. तंतू केबलमध्ये सरळ नसतो, ताण बसू नये म्हणून पीळ देऊन किंचित सैल ठेवलेला असतो. केबलही जमिनीत सरळ नसते. ती वळसे घेते, खाली-वर जाते, आणि प्रत्येक जोडापाशी पुढच्या दुरुस्तीसाठी काही मीटरांचं वेटोळं राखून ठेवलेलं असतं. तंतू नुसता दोन टक्के जास्त धरला तरी ४० किलोमीटरवर ८०० मीटरचा फरक पडतो.

यावरचा उपाय साधा आहे: दुरून मोजू नका, जवळच्या ओळखीच्या खुणेपासून मोजा. आलेखात बारावा जोड कुठे दिसतो हे माहीत असतं आणि जमिनीवर तो कोणत्या चेंबरमध्ये आहे हेही. मग तिथून पुढचे ७०० मीटरच तेवढे अंदाजाचे उरतात, आणि त्यातली चूक पंधरा-वीस मीटरांत येते. शक्य असेल तर दुसऱ्या टोकाकडूनही मोजायचं. दोन्ही अंतरांची बेरीज तंतूच्या पूर्ण लांबीइतकी आली तर एकच जागा तुटली आहे. कमी भरली तर मध्ये आणखी एक तुटलेली जागा लपलेली आहे. खोदयंत्राने केबल नुसती कापली नाही, ओढली असेल, तर हे हमखास होतं. समोर दिसतो तो तुकडा जोडून पथक निघायच्या तयारीत असतं, आणि तंतू दोनशे मीटर पलीकडच्या जोडपेटीतूनही उपटलेला असतो.

दुरुस्तीत बहुतेक वेळा खराब भाग कापून नवा तुकडा घालतात. एका जागी दोन नवे जोड येतात आणि केबल काही मीटरांनी लांबते. म्हणजे आलेखातला जुना तेरावा जोड आता पंधरावा झाला आणि त्यापुढचं प्रत्येक अंतर सरकलं. पथकाने निघण्याआधी दोन्ही टोकांकडून नवा आलेख काढून केंद्राकडे पाठवायला हवा आणि नव्या जोडांची जागा नकाशात भरायला हवी. हे काम पहाटे चार वाजता, सगळ्या वाहिन्या हिरव्या झाल्यावर, चिखलाने माखलेल्या माणसांच्या वाट्याला येतं. त्यामुळे नोंद "उद्या करू" म्हणून राहते, आणि पुढच्या बिघाडाला केंद्रातून तेराव्या जोडाजवळ खणायला सांगितलं जातं.